राइडिंग मोवरचे सुटे भाग ठाण्यात मिळतात, फक्त मशीनचं नाव सांगून मागू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने दोन वर्षांपूर्वी कर्जतकडच्या फार्महाउसवाल्याकडून बसून चालवायचं, ४२ इंची, अमेरिकन बनावटीचं गवत कापायचं मशीन घेतलं. आता पात्यांचा बेल्ट तुटलाय, एक पातं डुगडुगतंय, बॅटरी धरत नाही. ठाण्यातल्या चार दुकानांनी "याचे पार्ट इकडे येत नाहीत, नवीन घ्या" म्हणून परत पाठवलं. सोसायटीच्या सेक्रेटरी ताई विचारतात, मशीन भंगारात घालायचं की अजून कुठे फिरून बघायचं?

ताई, भंगारात मुळीच घालू नका. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात मी २४ वर्षं हीच कामं करतोय: ब्रशकटर, जनरेटर, फवारणी पंप आणि अशी राइडिंग मशीनं. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकीसाठीही मशीन टाकून द्यावं लागत नाही. चार दुकानदार तुमच्याशी खोटंही बोललेले नाहीत. तुम्ही विचारलंत "राइडिंग मोवरचा बेल्ट आहे का", आणि त्या माणसाने जन्मात राइडिंग मोवर पाहिलेलं नाही. अमेरिकेत घरोघरी मागच्या अंगणात ही मशीनं असतात, म्हणून होम डेपो, लोज यांसारख्या दुकानांत मशीनच्या नावानिशी बेल्ट आणि पाती भिंतीला टांगलेली असतात. आपल्याकडे तसं दुकान नाही. पण बेल्टवाल्याकडे बेल्ट आहे, बेअरिंगवाल्याकडे बेअरिंग आहे, बॅटरीवाल्याकडे बॅटरी आहे. प्रत्येकाला त्याच्या भाषेत माप सांगायला हवं. मशीनचं नाव घेतलंत की तो माणूस "नाही" म्हणूनच मोकळा होतो.

सुरुवात नंबरांपासून करा. सीट उचला, खाली मशीनचा मॉडेल नंबर असलेलं स्टिकर सापडेल. पुसट झालं असेल तर ओल्या फडक्याने हळूच पुसून तिरक्या उजेडात फोटो काढा. इंजिनाचा नंबर वेगळा असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं असेल तर वरच्या पत्र्यावर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. मॉडेलचे पहिले दोन आकडे म्हणजे इंजिनाचं आकारमान घन इंचात. ३१ ने सुरू झालं तर सुमारे ५०० सीसीचं इंजिन. कोडच्या पहिल्या सहा आकड्यांत बनवल्याचं वर्ष, महिना, दिवस असतो; ०६०५१२ म्हणजे १२ मे २००६. बाहेरून काही मागवायची वेळ आली की या तीन आकड्यांशिवाय काम होत नाही. "हिरवं मशीन आहे, पिवळी सीट आहे" असं सांगून मागवलेले कार्बोरेटर मी कपाटात पडून राहिलेले पाहिलेत.

आता बेल्ट. तुटलेला तुकडा माळीकाकांनी फेकला नसेल तर आजच ताब्यात घ्या, त्याच्याइतकी नेमकी माहिती दुसरीकडे मिळणार नाही. आधी वरची रुंदी मोजा. अर्धा इंच, म्हणजे चार सूत भरली तर तो ए सेक्शन. पाच सुतांहून थोडी जास्त, म्हणजे १७ मिलिमीटरच्या आसपास भरली तर बी. मग बेल्ट जमिनीवर सरळ पसरून बाहेरच्या अंगाने टेपने लांबी घ्या. आपल्याकडे बेल्टवर जो आकडा छापतात तो आतल्या घेराचा असतो, इंचात. अमेरिकन बेल्टवर "४एल" असं छापलेलं असेल तर तो आकडा बाहेरच्या घेराचा, तोही इंचाच्या दहाव्या भागात. म्हणजे ४एल५०० म्हणजे बाहेरून ५० इंच, आणि तोच आपला ए-४८. ए मध्ये बाहेरच्या मापातून २ इंच वजा करायचे, बी मध्ये ३. तुमच्या तुकड्यावर ४एल९५० वाचता आलं तर दुकानात सरळ ए-९३ मागा. छापलेलं काही दिसतच नसेल आणि टेपचंच माप हाताशी असेल, तर जुना बेल्ट वापरून लांबलेला असतो हे लक्षात ठेवून अर्धा ते एक इंच कमी धरा.

पण इथे एक गोम आहे आणि बहुतेक मेकॅनिक तिथेच फसतात. पिठाच्या गिरणीचा बेल्ट एकदा ताणून बसवला की त्याच ताणात फिरत राहतो. तुमच्या मशीनच्या पात्यांना मात्र बहुधा वेगळा क्लच नाही, बेल्ट हाच क्लच आहे. तुम्ही दांडा ओढता तेव्हा एक मोकळी पुली बेल्टच्या पाठीवर दाबली जाते, बेल्ट ताठ होतो आणि पाती फिरायला लागतात. दांडा सोडला की बेल्ट ढिला पडतो आणि पुलीवर नुसता घासतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे होतं. साधा बेल्ट ते फार दिवस सोसत नाही. आतली पॉलिएस्टरची दोरी ताणली जाते आणि मग दांडा पूर्ण ओढूनही पाती दम धरत नाहीत. म्हणून बेल्ट मागताना सांगायचं: पूर्ण कापड चढवलेला आणि आत केव्हलरची, म्हणजे सहज न ताणणाऱ्या मजबूत धाग्याची दोरी असलेला. नागपूरच्या पिक्ससारख्या आपल्याकडच्याच कंपन्या असे बेल्ट बनवतात. किरकोळ दुकानात ठेवलेला नसला तरी वितरकाकडून मागवता येतो. दातेरी बेल्ट कितीही मजबूत दिसला तरी घेऊ नका. तो घसरत नाही, एकदम पकडतो आणि प्रत्येक वेळी पात्यांच्या शाफ्टला हिसका बसतो.

गवत अंगावर आलं असेल आणि थांबायला वेळच नसेल तर साधा ए सेक्शन तात्पुरता लावा. तो काही आठवडेच टिकेल असं धरून चाला, आणि खरा बेल्ट त्याच दिवशी मागवा.

हे बेल्ट आणि बेअरिंग कुठे? ठाण्यात वागळे इस्टेट आणि स्टेशनकडच्या मशिनरी-हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसीत कारखान्यांना माल पुरवणारे लोक बसलेले आहेत, तिथे. तिथे नाहीच जमलं तर एक दिवस काढून मुंबईत मस्जिद स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा. ठाण्याहून जात असाल तर स्लो लोकल पकडा, मस्जिदला फास्ट थांबत नाही. वाशी-नेरुळहून हार्बरने थेट मस्जिद. तिथून चालत. रविवारी जाऊ नका. एका गल्लीत नुसती बेअरिंगं, पुढच्या गल्लीत नुसते बेल्ट, अशी ती पेठ आहे, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस बेअरिंग हातात घेऊन नुसत्या नजरेने नंबर सांगतो. मी उमेदवारीत जे शिकलो त्यातलं निम्मं तिथल्या फळीसमोर उभं राहून शिकलोय.

आता डुगडुगणारं पातं. ताई, बेल्टपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. पातं दुरुस्त होईपर्यंत मशीन अजिबात चालवू देऊ नका, दुसरा बेल्ट मिळाला तरीही नाही.

प्रत्येक पातं एका शाफ्टवर बसतं, त्याला स्पिंडल म्हणतात, आणि स्पिंडलच्या डब्यात वर एक, खाली एक अशी दोन बेअरिंगं असतात. ती गेली की पातं हलतं. बेअरिंग खोलून रॉकेलने पुसलं की कडेला नंबर दिसतो: ६२०३, ६२०४, कधी ६२०५. हे नंबर जगभर सारखे आहेत आणि आपल्या पाण्याच्या पंपांत, मोटरसायकलच्या चाकांतही हीच बेअरिंगं असतात. म्हणून मेकॅनिक खूश होतो, दुकानातून ६२०४ आणतो आणि ठोकून बसवतो. पण ६२०४ चं भोक २० मिलिमीटरचं असतं, आणि बऱ्याच अमेरिकन मशीनच्या शाफ्टची जाडी पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असते. बाहेरचा व्यास तोच, ४७. त्यामुळे डब्यात घट्ट बसतं आणि शाफ्टवर सैल राहतं. ६२०३ चंही तसंच: साधं भोक १७ मिलिमीटर, पण मोवरमध्ये पाच सुती शाफ्ट असेल तर तो १५.८७ चा.

मागच्या पावसाळ्यात नेरुळहून एक मशीन माझ्याकडे आलं, अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन. एका मेकॅनिकने बेअरिंग नवीन घातलं होतं आणि तरी महिन्याभरात पातं पुन्हा हलायला लागलं. खोललं तर शाफ्टभोवती कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला. फट एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, त्यात पत्रा कसाबसा राहिला, मग चुरा झाला, आणि त्या चुऱ्याने शाफ्टच खाऊन टाकला. सात-आठशे रुपयांत झालं असतं ते काम शेवटी अख्खं स्पिंडल मागवण्यावर गेलं. शिवाय ते पातं चालत्या मशीनखालून सुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही नकोसा वाटतो. शेजारी मुलांची घसरगुंडी होती.

म्हणून आधी शाफ्टच व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने मोजा. २०.०० भरला तर साधं ६२०४-टू आर एस घ्या. टू आर एस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याच्या झाकणाचं, म्हणजे डबल झेडचं, स्वस्तात मिळेल, पण ओल्या गवताचा रस त्यातून आत जातो आणि एका मोसमात बेअरिंग बोलायला लागतं. १९.०५ भरला तर बेअरिंगचा नंबर ६२०४-१२ असा सांगा, आणि पाच सुती शाफ्ट असेल तर ६२०३-१०. शेवटचा आकडा भोक किती सोळांश इंचाचं ते सांगतो: बारा सोळांश म्हणजे पाऊण, दहा सोळांश म्हणजे पाच सूत. हे बेअरिंग फळीवर असेलच असं नाही, पण नागदेवीचा व्यापारी नंबर ऐकताच तुमचं म्हणणं समजतो आणि मागवून देतो. मधे बुश घालून देतो म्हणणाऱ्या लेथवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. पाव-अर्धा मिलिमीटर जाडीचा बुश टिकत नाही. एक अजून: नामांकित कंपन्यांच्या नावाची नकली बेअरिंगं बाजारात भरपूर आहेत. शंभर रुपये वाचवण्यासाठी बिलाशिवाय घेऊ नका.

डब्याचं घरच झिजलं असेल, म्हणजे नवीन बेअरिंग हाताने आत सरकत असेल, तर मात्र लेथचं काम आहे आणि वागळे-रबाळ्यात ते चांगलं होतं. घर मोठं करून त्यात जाड भिंतीची स्लीव्ह दाबून बसवायची आणि मग, बेअरिंग ६२०४ असेल तर, अचूक ४७ चं भोक करायचं. कारागीर डायल लावून काम करतो की नजरेने, तेवढं उभं राहून बघा.

पातं स्वतः वाकलं असेल तर सरळ करू नका आणि वेल्डिंग तर नकोच. ४२ इंची डेकला, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, बहुधा दोन पाती असतात, प्रत्येकी २१ इंचांच्या आसपास. लांबी एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत, मधल्या भोकावरून तिरकी मोजायची. मधलं भोक गोल आहे की चांदणीसारखं, चांदणीला कोन किती, पाच, सहा की सात, हे मोजून लिहून ठेवा. कोन चुकले तर पातं बसतच नाही. ट्रकच्या कमानपाट्यापासून पातं कापून देतो म्हणणारे लोक आहेत. कमानपाटा कडक असतो, पण दगडावर आपटला की वाकत नाही, तुटतो. अमेरिकेच्या सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फूट ही कमाल वेगमर्यादा आहे, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर. त्या वेगाने तुटलेला तुकडा डेकचा पत्रा फाडून बाहेर येऊ शकतो. स्थानिक पर्याय शोधा असं मी प्रत्येक गोष्टीत सांगतोय, पण पातं कंपनीचंच मागवा, थांबावं लागलं तरी थांबा. जुनं पातं शाबूत असेल तर कानसीने धार काढा, मग मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघा. जी बाजू खाली जाते तिला अजून थोडी कानस मारा.

बॅटरीचं काम सोपं आहे. अमेरिकन मशीनमध्ये यू-१ नावाच्या मापाची १२ व्होल्टची बॅटरी असते. त्या नावाने इथे कोणी ओळखत नाही. आपल्या छोट्या गाड्यांची ३५ अँपिअरची बॅटरी लांबी-रुंदीला जवळजवळ तीच आहे, १९७ बाय १२९ मिलिमीटर, पण उंचीला सुमारे ४ सेंटिमीटर जास्त. म्हणून सीटखाली किंवा बॉनेटखाली जागा आहे का ते आधी मोजा. सीटचा पत्रा टर्मिनलला टेकला तर आगच लागेल. जुन्या बॅटरीला बोल्ट लावायचे चपटे कान असतात, नवीनला गोल खुंट्या, तेव्हा योग्य क्लॅम्प लावून घ्या. प्लस कुठल्या बाजूला ते बघून घ्या, नाहीतर वायर पुरत नाही. आणि बॅटरी घेण्याआधी एकदा चार्ज करून, इंजिन पूर्ण रेसवर ठेवून टर्मिनलवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. बारावरच अडकलं असेल तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवीन बॅटरीही महिन्यात उतरेल.

स्पार्क प्लग, पेट्रोलचा पाइप, त्यातला छोटा फिल्टर हे सगळं मोटरसायकलच्या किंवा गाडीच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं. प्लग नंबरावर घ्या: चॅम्पियनचा आरसी१२वायसी निघाला तर एनजीकेचा बीकेआर५ई चालतो, गॅप ०.७६ मिलिमीटर. पाइप पाव इंची, पेट्रोलचाच घ्या, पाण्याचा पारदर्शक नको. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही जुनी अमेरिकन इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवलेली आहेत. त्यामुळे दर वर्षी पाइप तपासा, आणि मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. एअर फिल्टर ऑनलाइन मागवा, हलका असतो, नीट येतो. घोडबंदर रोडची बांधकामांची धूळ बघता तो काढून चालवायचा विचारही करू नका.

ऑइल फिल्टरबाबत मात्र सावध. मोवरच्या इंजिनावरच्या खुंटीचे आटे पाऊण इंची, इंचाला १६, असे असतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे फिल्टर २० मिलिमीटर, दीड पिचचे. दिसायला सारखेच, आणि मोठा फिल्टर छोट्या खुंटीवर सुखाने फिरतो, त्यामुळे बसला असं वाटतं. इंजिन तापल्यावर तो निसटतो, मिनिटभरात सगळं ऑइल जमिनीवर, आणि इंजिन जाम. फिल्टर घेताना जुना हातात न्या आणि दुकानदाराकडून आट्यांचं माप बोलून घ्या. ऑइल आपल्या हवेला एसएई ३० उत्तम, ते नसेल तर १०डब्ल्यू-३०.

टायर पंक्चर झाला तर ट्यूब टाकून घ्या, टायर फेकू नका. पंक्चरवाल्याला हवा १० ते १४ पीएसआयच भरायला सांगा. सवयीने तो तीस भरतो आणि मग मशीन हिरवळीवर उड्या मारत उंच-सखल कापतं.

नटबोल्ट इंचात असतात. गंजलेला बोल्ट तुटला म्हणून जवळचा मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घुसवला की ॲल्युमिनिअमचे आटे जातात. नमुना घेऊन जा आणि "तीन सूत, जाड आटे" असं सांगा, बोल्टवाले समजतात.

एका गोष्टीवर मी हट्टाने बोलणार. सीटखाली एक स्विच असतो. चालक उठला की तो पात्यांसकट इंजिन बंद करतो. तो बिघडला की मशीन सुरू होत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं, "डायरेक्ट करून देतो, काही होत नाही." तुमचं मशीन आधीच तसं केलेलं असण्याची शक्यता आहे, जुन्या मशीनमध्ये मला हे नेहमी दिसतं. पात्यांचा दांडा सोडलेला ठेवून, मोकळ्या जागेत इंजिन चालू करा. मग पात्यांचा दांडा लावलेल्या अवस्थेत चालकाला सीटवरून अंगाचा भार किंचित उचलायला सांगा, पाय फूटरेस्टवरच. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर सीटखालच्या दोन वायरी एकमेकींना जोडलेल्या सापडतील. स्विच मॉडेल नंबरावर मागवता येतो. तो येईपर्यंत माळीकाकांना त्या मशीनवर बसवू नका. ते दिवसातून दहा वेळा दगड, बाटली, चेंडू उचलायला खाली उतरत असणार.

मशीन आता उभंच आहे तर हे क्रमाने करा: नंबरांचे फोटो, बेल्टची रुंदी आणि लांबी, मग डेक काढून शाफ्टचं व्हर्नियरचं माप. पाती किंवा सीटचा स्विच लागणार असेल तर ते बाहेरून येणार, त्यांना वेळ लागतो, म्हणून त्यांची ऑर्डर पहिली द्या आणि बेल्ट-बेअरिंगसाठी फिरणं त्यानंतर. दोन्ही स्पिंडलची बेअरिंगं एकदमच बदला. एक गेलंय म्हणजे दुसरंही तितकेच तास फिरलेलं आहे. आणि जून लागायच्या आत हे उरकून घ्या. पहिल्या दोन पावसांनंतर आपल्याकडे गवत हातभर वाढतं आणि माझ्यासारख्या प्रत्येक गाळ्याबाहेर मशीनची रांग लागते. शाफ्ट १९.०५ निघाला आणि बेअरिंग कुठेच मिळालं नाही तर मापं मला कळवा, ६२०४-१२ ची एक जोडी मी माझ्या कपाटात ठेवलेली असते.